इवल्या नत्रूची पंगत

एक होता नत्रू. इवलासा नत्रू. त्याचं अंगण इवलंसं. त्याच्या डब्यात लाडू पाच.

पाहुणे आले. पाच फ्लोरू भाऊ. ठुम ठुम ठुम!

थोरला बसला. मधला बसला. लांब्या बसला. झोपाळू बसायला गेला... धप्प! पडला बाहेर. अंगण भरलेलं. झोपाळू उभा. धाकटाही उभा. दोघांना जागाच उरली नाही!

पंगतीत सगळे बसल्याशिवाय कुणी खात नाही. पाहुण्यांनी खाल्ल्याशिवाय नत्रू खात नाही. नत्रूच्या पोटात कावळे. काव काव!

नत्रू गेला थोरल्याकडे. तुरु तुरु.
"थोरल्या थोरल्या, लाडू खा ना!"
"मधला खाईल, मग मी खाईन."

नत्रू गेला मधल्याकडे. तुरु तुरु.
"थोरला खाईना, नत्रूला मिळेना. मधल्या मधल्या, लाडू खा ना!"
"लांब्या खाईल, मग मी खाईन."

नत्रू गेला लांब्याकडे. तुरु तुरु.
"मधला खाईना, थोरला खाईना, नत्रूला मिळेना. लांब्या लांब्या, लाडू खा ना!"
"झोपाळू बसेल, मग मी खाईन."

नत्रू गेला झोपाळूकडे. तुरु तुरु.
"लांब्या खाईना, मधला खाईना, थोरला खाईना, नत्रूला मिळेना. झोपाळू झोपाळू, खाली बस ना!"
"आऽऽ! धाकटा बसेल, मग मी बसेन."

नत्रू गेला धाकट्याकडे. तुरु तुरु.
"झोपाळू बसेना, लांब्या खाईना, मधला खाईना, थोरला खाईना, नत्रूला मिळेना. धाकट्या धाकट्या, खाली बस ना!"
"कुठे बसू? मला जागाच नाही!"

धाकटा रडला. नत्रूही रडला. रडत रडत गेला शेजारी, स्फुरदताईकडे.
"ताई ताई, धाकटा बसेना, झोपाळू बसेना, लांब्या खाईना, मधला खाईना, थोरला खाईना, नत्रूला मिळेना!"

ताईने त्याचे डोळे पुसले.
"वेडोबा! तुझ्या डब्यात पाच, माझ्या डब्यात पाच. एकाच घराण्यातली भावंडं आपण. पण मी मोठी, माझं अंगण मोठं. आण सगळ्यांना इकडे!"

ठुम ठुम ठुम!

धाकटा बसला, ऐसपैस. मग झोपाळू बसला. मग लांब्याने लाडू खाल्ला. मग मधल्याने खाल्ला. मग थोरल्याने खाल्ला. सगळ्यांनी नत्रूलाही भरवलं.
"अर्धा तुला, अर्धा मला!"
पोटातले कावळे भुर्र!

"ताई, मी मोठा कधी होणार गं?"
"तू असाच इवला, सोन्या. तुझ्याकडे तिघं मावतात ना? मग तिघांना बोलाव. जवळ बसव."

दुसऱ्या दिवशी नत्रूने तिघांना बोलावलं. सगळ्यांत आधी धाकट्याला.

धाकटा बसला, अगदी चिकटून.
"ताईकडे तू लांब होतास," तो म्हणाला. "इथे बघ, हात लागतो!"

नत्रूचं अंगण भरलं. आणि आपली गोष्टही सरली.