साखळीबंदरची खाल्लेली कडी

साखळीबंदरच्या खाडीमुखाशी, जलवंतीच्या देवळाखाली, काळ्या कातळात रोवलेला एक दगडी खांब आहे. त्याला अडकवलेली जाड लोखंडी साखळी पाण्यात उतरते आणि पैलतीरी तशाच खांबाशी वर निघते. पाहुण्यांनी ती जवळून पाहावी. हात मात्र लावू नये. माणसाच्या तळव्याचा घामही खाराच असतो. भरतीचे पाणी जिथवर चढते, तिथे कड्यांना राखाडी धातूचे गोळे बांधलेले दिसतील. वाळवी लागल्यासारखे ते पोखरलेले आहेत. शेजारचे लोखंड मात्र अंगाने भरलेले आहे. समुद्राने एक खाल्ले आणि दुसरे का सोडले, असे येणारे विचारतात. त्याचे उत्तर या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, ते असे.

फार पूर्वी या खाडीवर साधी तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, चाले. ओहोटीची ओढ अशी, की वल्ही निकामी होत आणि होडी माणसांसह समुद्रात जाई. तेव्हा गावच्या बाळोजी लोहाराने देवीपुढे नवस केला. या तीरापासून त्या तीरापर्यंत साखळी घालीन, तिला धरून होडी ओढून नेता येईल, असा तो नवस होता. "आणि माझ्या लोखंडाने कुणाचा घात झाला, तर आई, पहिला माझ्या पोटचा घास घे," असे तो म्हणाला म्हणे. त्याला एकच मूल होते, आवडा नावाची मुलगी. तो हे शब्द उच्चारत असताना ती त्याच्या कडेवर बसली होती.

साखळी झाली. दर शिमग्याला देवीची पालखी होडीतून पैलतीरीच्या वाडीत जाते. त्याआधी बाळोजी सगळी साखळी बाहेर काढी, गंज खरवडी, कड्या तापवून उंडीच्या तेलात बुडवी. तेल लोखंडात मुरे आणि खारे पाणी बाहेर राही. होड्या बुडेनाशा झाल्या. पालखीपुढचा पहिला नारळ बाळोजीच्या हाती देण्याची रीत पडली.

मान वाढला, तसा हात आखडला. आवडा मोठी झाली, पैलतीरी सासरी गेली, आणि बाळोजी साखळी बाहेर न काढता, दिसेल तेवढ्या भागाला वरच्यावर तेल पुसू लागला. लोखंडाला डोळे नसतात, पण कोण आपल्याला फसवतो हे त्याला कळते, असे आमचे वडीलधारे म्हणत.

एका वर्षी पालखीच्या तोंडावर त्याने खांबाजवळच्या एका कडीवर तांबडा फोड पाहिला. नखाने खरवडला तो आत खळगा. खळग्यात आणखी खळगा. कडी बदलायची तर साखळी काढावी लागणार, पालखी अडणार, आणि नारळ हातात घेताना चारचौघांत कारण सांगावे लागणार. बाळोजीने कारण सांगितले नाही. घरातला तांब्याचा पत्रा आणून त्याने तो कडीभोवती घट्ट ठोकून बसवला.

होडीचा तांडेल विठू चेष्टेखोर होता. तो म्हणाला, "काय लोहारबा, लेकीचे डोहाळे अजून लांब, म्हणून साखळीलाच डोहाळ्यांचे दागिने घालता की काय?"

"देवीला लेणं घातलंय," बाळोजी म्हणाला.

"मग एकाच कडीला होय? देवी म्हणेल, लोहार कंजूस!"

लोक हसले. पण शब्द पसरला. बायकांनी त्या कडीला हळदकुंकू वाहिले. पुढे कुणी फुटकी कळशी आणून दिली, कुणी जुने ताम्हन. आणि भक्तीने आणलेले ते तांबे बाळोजीला शेजारच्या कड्यांवरही चढवावे लागले. नाकारायचे तर कारण सांगणे आलेच.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला. भर दुपारी, ओहोटी सरून पाणी निश्चल झाले, की तांब्याखालून कुरतडल्याचा आवाज येई. शिळी भाकरी कुणी सावकाश चावावी तसा. बाळोजीने विठूला विचारले, "ऐकू येतंय का रे काही?" विठूने कान लावला. "काही नाही बा. उन्हात फार बसू नका." दुसऱ्या कुणालाच तो आवाज येत नव्हता.

मग तांब्याच्या कडेतून तांबडे पाणी पाझरू लागले. ते पाहून गाव हरखले. देवीचे कुंकू पाझरते आहे, असे लोक म्हणू लागले. बायांनी ते बोटावर घेऊन कपाळी लावले, लेकरांना लावले, पैलतीरीच्या वाडीला द्रोणातून पाठवले. ते काय आहे हे जाणणारा एकच माणूस होता, आणि तो हात जोडून उभा राहिला. कपाळाचे ते डाग धुतल्याने जाईनात. बाळोजीची बायको गोदा राखेने कपाळ घासून थकली. ती म्हणाली, "अहो, आईचं कुंकू असं बोचरं कसं हो? लोखंडासारखा वास येतो त्याला." तो ताटावरून उठून गेला.

पुढच्या शिमग्यात पालखी पैलतीरी गेली आणि माध्यान्हीला परत निघाली. ओहोटी ऐन भरात होती. बाळोजी खांबाशी उभा होता; त्या दिवशी वाहत्या पाण्यातही त्याला ते कुरतडणे ऐकू येत होते. होडी खाडीच्या मध्यावर आली, तेव्हा पालखीशेजारी बसलेल्या बाईने हात हलवला. ती आवडा होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. माहेरी यायला तिने देवीचीच सोबत निवडली होती. तिच्या कपाळावर तोच तांबडा डाग होता.

त्याच क्षणी कुरतडणे थांबले. असे सांगतात, की तो आवाज कधीच न ऐकलेल्या लोकांनाही ती शांतता ऐकू आली. ढोल वाजवणाऱ्यांचे हात आपोआप थांबले.

"कडी खाल्ली गेली आहे!" बाळोजी ओरडला. "ते कुंकू नाही, गंज आहे! मला ठाऊक होतं, मी झाकलं!"

तांबे सालीसारखे उलगडले. आत लोखंड उरलेच नव्हते. ओला तांबडा चिखल होता. साखळी तुटली आणि तिचे टोक समुद्राकडे सरकू लागले. बाळोजीने खांबाकडचे टोक एका हाताने धरले, पाण्यात झेप घेऊन दुसरे टोक दुसऱ्या हाताने धरले, आणि तुटलेल्या कडीच्या जागी स्वतः उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "घास ठरलेला आहे. पण दोष माझा आहे. मला खा."

माणसाच्या हाताला ते बळ नसते. तरी होडी त्या साखळीला धरून हातभर हातभर पुढे आली. पालखी उतरली, माणसे उतरली. आवडा कमरेभर पाण्यातून बापाकडे गेली. "बाबा, आलो आम्ही. सोडा आता." त्याने सोडले नाही. तिने त्याच्या मुठीवर हात ठेवला आणि किंचाळून मागे घेतला. मूठ थंड होती, राखाडी होती, आणि तो रंग कोपरापर्यंत चढला होता. एक लाट आली. ती ओसरली तेव्हा बाळोजी तिथे नव्हता. साखळीची दोन टोके एका राखाडी गोळ्यात घट्ट रुतलेली होती, आणि गोळ्यावर बोटांच्या पेरांच्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या.

बाजारपेठेतला एक तांबट तो गोळा पाहायला आला. त्याने सांगितले, "हे जस्त आहे. खाऱ्या पाण्यात तांबे लोखंडाला चिकटवाल, तर तांबे शाबूत राहील आणि लोखंड मरेल. जस्ताची जात उलटी. ते लोखंडाच्या आधी स्वतःला खाऊ देते." तसेच घडले. वर्षे गेली, तशी ती मूठ झिजत गेली आणि कड्यांना फोड आला नाही. बोटे दिसेनाशी झाली, तेव्हा तिथे नवी कडी घालून आवडेने तिच्या शेजारी जस्ताचा नवा गोळा बांधला. दरवर्षी तो बांधण्याची रीत तिथून आली.

आवडेला मुलगा झाला. तो आजोळच्या भात्यावर बसला. वयात आल्यावर त्याने प्रथम साखळी तपासली, तेव्हा लोक कौतुकाने म्हणाले, "लोहाराचा नातू तो! साखळीत काय खोट असणार?" आवडा गर्दीतून पुढे आली. "खोट सांग," ती मुलाला म्हणाली. "नसेल, तर पुन्हा शोध. समुद्राला सुट्टी नसते."

देवाने धातूला झीज दिली आणि माणसाला वाचा दिली. दोन्ही एकाच हेतूने दिल्या, असे जुनी माणसे मानत.

आजही शिमग्याच्या सकाळी लोहार गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि कुठली कडी किती खाल्ली गेली, हे साऱ्या गावासमोर मोठ्याने सांगतो. त्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही. कडी बदलली जाते, मग भोई पालखीला खांदा देतात. पण एखाद्या वर्षी लोहार म्हणाला, की साखळी निर्दोष आहे, तर पालखी देवळातच राहते, आणि त्या दिवशी खाडीत कुणीही पाय घालत नाही.