घाणेवाल्याचा मोगरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गांडुळं माणसांशी बोलत असत. आताही बोलत असतील म्हणा, पण आपण कुठे वाकून ऐकतो!

तर त्या काळी डोंगरांच्या कुशीत एक छोटं राज्य होतं आणि त्या राज्यात एक रीत होती. घरात मुलगी जन्मली की तिच्या बारशाला परसात मोगऱ्याची फांदी लावायची. पुढे मुलीचं लग्न ठरलं, की तिच्या वेणीत त्याच झाडाची फुलं माळायची. झाड फुललं नाही तर लग्न पुढच्या वर्षावर. ही रीत राजकन्येलाही चुकली नव्हती, मग इतरांची काय कथा!

त्या राज्यातल्या एका गावात तेलाचा घाणा चालवणारा एक माणूस राहत होता. त्याची बायको लवकर वारली होती आणि एकुलत्या एका मुलीला त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. माणूस मोठा दिलदार. ज्याच्यावर जीव, त्याला देताना हात आखडता म्हणून घ्यायचा नाही. आता घाणेवाल्याकडे देण्यासारखं काय असणार? तेल, आणि तीळ-करडई पिळून मागे उरलेली पेंड. कुणाची म्हैस व्याली, पाठव पेंड. कुणाला ताप आला, पाठव तेल. ताप आलेल्याला तेल कशाला, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

मुलीच्या मोगऱ्यालाही तो पेंडच घालायचा. थोडीथोडकी नाही, टोपल्या भरभरून. झाड कसं माजलं होतं! काळीभोर पानं, लांबच लांब फांद्या. येणारेजाणारे म्हणत, झाड असावं तर असं. घाणेवाल्याची छाती फुगायची.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावचा, दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. मुहूर्त निघाला वैशाखातला. सगळं कसं छान जमून आलं होतं, आणि पौषात शेजारीण कुंपणापलीकडून सहज बोलून गेली, की मागच्या उन्हाळ्यात या मोगऱ्याला एकही फूल आलं नव्हतं.

घाणेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच की! पानांच्या कौतुकात फुलांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मुलगी रोज सकाळी झाडाशी जाऊन एकेक फांदी न्याहाळू लागली. ते पाहून बापाचा जीव तुटायचा. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. पेंड दुप्पट केली.

एके दिवशी तो बुंध्याशी उकरत असताना मातीतून एका गांडुळानं डोकं वर काढलं.

"आता पुरे," ते म्हणालं. "आमची सगळी भावकी इथून उठून गेली. तुला सांगायला म्हणून मी एकटा मागे राहिलोय."

घाणेवाल्याला रागच आला. आपण झाडाला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, असं त्यानं ठणकावून सांगितलं.

"उपाशी नाही ठेवलंस, तुंबवलंस," गांडूळ म्हणालं. "पेंडीनं पानं वाढतात. इतकं आयतं मिळाल्यावर झाड फुलेल कशाला? शिवाय कच्ची पेंड मातीत कुजताना तापते. त्यात मुळंही भाजतात आणि आम्हीही."

"मग काय घालू?"

"हे आज पहिल्यांदा विचारलंस."

मग गांडुळानं समजावून सांगितलं. आधी बुंध्याजवळची सगळी पेंड काढायची. मग पाणी तोडायचं, पानं माना टाकेपर्यंत. त्यानंतर फांद्यांचे शेंडे छाटायचे, पानं उतरवायची. आणि मग चांगलं मुरलेलं खत, चुलीतली मूठभर राख आणि केळीच्या साली भिजवलेलं पाणी, एवढंच द्यायचं. मुरलेलं खत आता ऐनवेळी आणू कुठून, असं घाणेवाल्यानं विचारलं, तेव्हा गांडूळ त्याच्याकडे बघतच राहिलं.

"गोठ्यामागे तुझ्या मुलीनं खड्डा केलाय. आमची भावकी तिकडेच तर राहायला गेलीय."

घाणेवाला गोठ्यामागे गेला. भाज्यांची देठं, फळांच्या साली, पालापाचोळा, गोठ्यातला केर, सगळं थरावर थर घालून मुलीनं मातीखाली मुरवलं होतं. वरची माती बाजूला केली तर खाली खत कसं चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि मोकळं. पोर इथे कचरा टाकते, एवढंच त्याला इतके दिवस वाटत होतं. आपल्याला सांगितलं का नाही, असं त्यानं मुलीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाला असता, घरात पेंड असताना हा कचरा कशाला. त्यानं जाऊन बुंध्याजवळची सगळी पेंड उकरून काढली.

पेंड काढणं सोपं होतं. पाणी तोडणं फार अवघड गेलं. पानं मलूल झाली, मग कडेनं पिवळी पडली. गावातले लोक म्हणाले, ऐन लग्नाच्या वर्षी यानं झाड मारलं. तो घाण्यावर बसला तरी डोळे परसाकडेच. एका दुपारी मात्र त्याला राहवेना. भरलेली घागर उचलून तो झाडाशी गेला, तर मुलगी आडवी आली.

"बाबा, द्या इकडे ती घागर."

"अगं, तहानलंय ते."

"तहानलंय, मला दिसतंय. पण तुम्हाला बघवत नाही म्हणून त्याला पाजू नका."

लग्न तिचं होतं. झाड मेलं असतं तर नुकसानही तिचंच होतं. बापानं घागर खाली ठेवली आणि तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

पुढे पानं पार मलूल होऊन झडू लागली, तेव्हा दोघांनी मिळून छाटणी केली. उरलीसुरली पानं उतरवली, खत घातलं, राख पसरली, सालींचं पाणी दिलं. झाडाचा अगदी खराटा झाला होता. नातेवाईक मुहूर्त पुढे ढकलायची भाषा बोलू लागले. घाणेवाल्यानं कानांवर हात ठेवले आणि वाट पाहिली.

फाल्गुनात कोवळी पालवी आली. चैत्रात एका सकाळी तो वाकून पाहतो, तर प्रत्येक शेंड्याला तांदळाएवढ्या पांढऱ्या कळ्या. त्यानं मुलीला हाक मारली. ती धावत आली. तिनं पाहिलं, खाली बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. बापाचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी त्या दोघांना पोटभर जेवण गेलं. वैशाखात तर मोगरा असा बहरला, की नवरीची वेणी भरून शेजारणींच्या ओंजळीतही फुलं उरली.

लग्न झालं. मुलीला सासरी न्यायला गाडी दाराशी लागली. घाणेवाल्यानं गाडीत तेलाचे बुधले चढवले, पेंडीची पोती चढवली, आणखी बुधले चढवले. मुलीला बसायला जागा उरली नाही, तरी हा आणखी एक पोतं उचलतच होता. मध्येच तो थबकला. पोतं खाली ठेवून तो मुलीजवळ गेला.

"पोरी, तुला काय हवंय?"

मुलीनं त्याचा हात हातात घेतला.

"तुम्ही येत जा, बाबा," ती म्हणाली. "येताना हातात काही नसलं तरी चालेल."

घाणेवाल्यानं एकेक करून सगळे बुधले आणि पोती उतरवली. गाडीत ऐसपैस जागा झाली. मग तो मुलीशेजारी बसून गावाच्या वेशीपर्यंत गेला, आणि पुढे आयुष्यभर तिच्याकडे रिकाम्या हातांनी जात राहिला. मुलगी दर खेपेला दारात वाट पाहत उभी असायची.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, आपल्याकडे जे भरपूर आहे ते ओतण्याआधी समोरच्याला काय हवं आहे ते विचारावं. खरं प्रेम तिथून सुरू होतं.