मोहाखाली बसलेले अस्वल

पूर्वी विंध्याच्या कुशीतल्या एका नगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी जवळच्या रानात अस्वलाचा जन्म घेतला होता. रानाच्या कडेला एक वाडी होती आणि तिच्या वाट्याला मोहाचे एकच झाड, तेही म्हातारे. त्याची फुले वाळवून वाडी पोट भरी, बियांच्या तेलावर दिवे लावी, पानांच्या पत्रावळी करी. फुले गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवायची रीत होती. जळक्या जमिनीवर फुले चटकन दिसत.

त्या चैत्रात मात्र अस्वल झाडाखाली येऊन बसले ते उठेचना. लोकांनी ढोल बडवले, ते बसूनच. पाचोळा पेटवला, तर जाळ जवळ येताच त्याने पंजांनी थोपटून विझवला. पंजे होरपळले, पण जागा सोडली नाही. एरवी मोहाच्या फुलांवर तुटून पडणारे हे जनावर समोर गळणाऱ्या फुलांना तोंडही लावीना. कुणी म्हणाले पिसाळले, कुणी म्हणाले झाडाला बाधा झाली. वाडीचा प्रमुख भद्रक याने सकाळी एक सांगितले, दुपारी दुसरे, आणि सायंकाळी त्याला कशाचाच मेळ लागेना. खरे तर कुणालाच लागत नव्हता.

तोवर फुले सडत होती. कुरंगी नावाच्या विधवेच्या घरात धान्याचा कण नव्हता, लेक भुकेने रडत होती. ती टोपली घेऊन सरळ झाडाखाली गेली. अस्वलाने तिला वेचू दिले. टोपली भरली तशी तिची भीती गेली, कोडे मात्र वाढले.

“दादा, फुलं खात नाहीस, आम्हाला मारत नाहीस,” ती म्हणाली, “मग पंजे जाळून घेत इथं बसलास कशाला?”

अस्वल बाजूला सरकले. त्याच्या पोटाखाली मोहाचे वीतभर रोप होते.

“इथं तुझ्या आईनं फुलं वेचली, तू वेचतेस,” ते म्हणाले. “तुझ्या लेकीनं कुठं वेचायची?”

कुरंगीला आता उमगले. दुसरे झाड उगवत नाही म्हणून वाडी इतकी वर्षे देवाला बोल लावत होती, आणि दर चैत्रात रोपे स्वतःच जाळत होती. तिने भद्रकाला हाताला धरून आणले आणि रोप दाखवले. तेव्हापासून लोक पाचोळा हाताने झाडू लागले. रोपाला फुले यायला फार वर्षे लागली. तोवर म्हातारे झाड कसेबसे टिकले. अस्वलाने ती फुले पाहिली नाहीत. कुरंगीच्या लेकीने ती टोपली भरून वेचली.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “आज विहाराच्या अंगणात पाचोळा पेटवायला निघालेले भिक्षू तिस्सक तेव्हा भद्रक होते. त्यांना अडवणारी उपासिका पदुमा ही कुरंगी, आणि ते अस्वल मीच होतो. जे अजून जन्मलेही नाहीत त्यांच्यासाठी चटका सोसणे, याला मैत्री म्हणतात.”