चिमाईची टाळू

तुमच्या पणज्याच्या पणज्याची टाळूसुद्धा भरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लगेच डोकं चाचपू नका. तुमची भरलीय, कुणाकुणाची तर जरा जास्तच.

खाणदरे हे पाथरवटांचं गाव. दिवसभर डोक्यावरून दगड वाहायचे आणि संध्याकाळी पारावर बसून कुणाचं डोकं जास्त टणक यावर भांडायचं, हा तिथला उद्योग. अशा गावात मऊ डोक्याचं कौतुक असलेली एकच बाई होती, चिमाई सुईण. नाळ कापली की तिचं बोट पहिल्यांदा पोराच्या टाळूवर जायचं, असं म्हणतात. ती बायांना सांगायची, पोराचं डोकं एकसंध नसतं, त्यात हाडाच्या सुट्या फाळक्या असतात आणि मधे शिवणी. फाळक्या एकमेकींवर सरकतात म्हणून तर पोर सुखरूप बाहेर येतं. पुढं शंकरपाळ्याएवढी टाळू, मागं बोटाच्या टोकाएवढी. मागची लवकर बुजते, पुढची पोर चालायला लागल्यावर. आत मेंदू वाढतोय, तोवर शिवण सैलच हवी. बाया ऐकायच्या. बाप्ये हसायचे, म्हातारी डोक्याला अंगडं समजते म्हणायचे.

मग चिमाईची स्वतःची लेक राही बाळंत झाली, लग्नानंतर अकरा वर्षांनी. मुलगा. चिमाईनं टाळूवर बोट ठेवलं. मऊ काही लागेना. कपाळापासून मागंपर्यंत कातडीखाली नुसता कंगोरा, जसा दोरखंड. तिनं हात पदराला पुसला, पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच.

जावई सिदू म्हणजे गावातलं सगळ्यात टणक डोकं. त्यानंही चाचपून पाहिलं आणि त्याला आनंद मावेना. "मामी, सांधा बघा कसा बसलाय. माझ्या हातचा दगडसुद्धा असा बसत नाही." त्यानं गावभर गूळ वाटला आणि पोराचं नाव ठेवलं दगडू. चिमाईनं आपल्या वाटचा गूळ पदराच्या टोकाला बांधून ठेवला, असं म्हणतात.

सांगणार काय आणि कुणाला? ती रोज खोबरेल कोमट करून नसलेली टाळू भरत राहिली. वाढायला जागा नाही म्हणून डोकं उभट होत गेलं, डोळे बाहेर आले. पोर बारीक आवाजात रडायचं, दूध उलटून टाकायचं. पुढं आईच्या बांगड्या वाजल्या तरी तिकडं नजर वळेना.

"आई, हा माझ्याकडं का बघत नाही गं?" राहीनं विचारलं. चिमाई तेलाची वाटी ढवळत बसली.

भर दुपारी ती शिवेवरच्या सटवाईकडं गेली. तिनं दगडावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "बोटाएवढी फट दे. जास्त नको."

सटवाई पडली म्हातारी. पाचवीला पोरांची ललाटं लिहून लिहून तिची नजर अधू झालेली. तिनं समोर टेकलेलं डोकं पाहिलं आणि तेच उघडलं, असं म्हणतात. चिमाई धावत घरी आली, पोराच्या डोक्यावर बोट ठेवलं. दगड. मग आपल्या माथ्यावर ठेवलं. शंकरपाळ्याएवढं मऊ, आणि आत ठोका पडतोय, तान्ह्याचा पडतो तसा.

दगडू पौषातल्या अमावास्येला गेला.

त्याला पुरून आल्यावर सिदू उंबऱ्यावर बसला. डोकं तर पक्कं होतं, मग माझं पोर कशानं गेलं, एवढंच तो विचारत राहिला. चिमाईनं त्याचा घट्टे पडलेला हात धरला, त्याचं बोट आपल्या माथ्यावर ठेवलं.

"असं असायला हवं होतं, बाबा."

सिदूच्या बोटाखाली टाळू उडत होती. त्यानं पुन्हा कधी आपल्या डोक्याची बढाई मारली नाही. चिमाई त्यानंतर पुष्कळ जगली. घागर कमरेवर घेऊन, डोक्यावर कशाचं म्हणून ओझं न घेता. सरणावर ठेवली तरी तिची टाळू उडत होती आणि अग्नी द्यायला कुणी धजेना, असं म्हणतात.

आजही पौष अमावास्येला खाणदऱ्यात कुणी डोक्यावर ओझं घेत नाही. आणि पोर जन्मलं की बाप छिन्नी ठेवतो, हात धुतो, टाळूवर अलगद बोट टेकवून चिमाईचं नाव घेतो आणि ठोक्याची वाट बघतो. बहुतेकांना तो लागतो, मग ते उठून कामाला जातात.

एखाद्याला लागत नाही. पुढं काय करायचं ते चिमाईनं कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. तो बाप बोट तसंच ठेवून बसून राहतो. त्या दिवशी गावात कुणी टणक हा शब्द तोंडातून काढत नाही.