वेलीची उतरण

एकदा एक वैद्य होता. चाळिशी गाठण्याआधीच त्याचे नाव साऱ्या परगण्यात झाले होते. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे टेकवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि निदान सांगून मोकळे व्हायचे, अशी त्याची रीत. बघणारे तोंडात बोटे घालत. आता एवढे कौतुक वाट्याला आल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहते, सांगा बघू! त्याचेही राहिले नाही. आणि एके दिवशी कुंभारवाड्यातली एक तरुण सून त्याच्या औषधाने दगावली. सकाळी औषध घेतले, तिन्हीसांजेला ती गेली.

 यापुढे कोणाच्याही नाडीला हात लावणार नाही, अशी शपथ घेऊन वैद्य नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडला. वाट फुटेल तिकडे चालत राहिला आणि एका पानमळ्यापाशी येऊन थांबला.

मळ्याचा मालक वृद्ध होता. लोक त्याला अप्पा म्हणत, आणि विड्याच्या पानांपेक्षा त्याचा सल्ला घ्यायलाच जास्त येत. वैद्याने आपली कर्मकहाणी सांगितली आणि म्हणाला, "अप्पा, मला शिष्य म्हणा, गडी म्हणा, पण असं काम द्या की पुन्हा माणसाच्या जिवाशी संबंध यायला नको."

अप्पाने त्याच्याकडे नीट पाहिले. "पायतण बाहेर काढ आणि आत ये," एवढेच तो म्हणाला.

पानमळ्यात अनवाणीच जायचे असते. वैद्य आत शिरला आणि जागच्या जागी थबकला. बाहेर ऊन रखरखत होते, आत मात्र हिरवा गारवा. शेवरीच्या सरळसोट झाडांवर पानवेली चढलेल्या, ओळीमागून ओळी, आणि इतकी शांतता की पाटातल्या पाण्याचीही चाहूल लागावी. कित्येक दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला.

तिथेच तो राहिला. वेल वाढेल तशी ती लव्हाळ्याच्या पातीने शेवरीला बांधायची, हे त्याचे काम. विहिरीजवळची एक वेल त्याने डोळ्यांत तेल घालून जपली. ती सगळ्यांत उंच गेली, थेट शेंड्याला भिडली. रोज सकाळी तो आधी तिच्यापाशी जाई. आपल्या हातून काहीतरी जगले, एवढाच त्याला आधार होता.

तो वैद्य आहे, हे गावात कळायचे ते कळलेच. "वैद्यबुवा, पोराला बघता का जरा?" असे म्हणत कोणी ना कोणी येई. तो हात जोडून मागे फिरे. 

माघ सरत आला. थंडी ओसरू लागली, तशी शिवारात लगबग सुरू झाली. कोणी वाफे भाजून काढत होते, कोणी शेणखत पसरत होते, कोणी भोपळ्याची आळी करत होते. अप्पाने आधी शेवरीच्या फांद्या छाटायला लावल्या, मग प्रत्येक वेलीच्या बुडाशी चर खणायला सांगितले. वैद्याला वाटले, खत घालायचे असेल.

पण अप्पा शिडी लावून वर चढला आणि पहिल्याच वेलीची बंधने सोडू लागला. वर्षभर वाढलेली वेल त्याने अलगद खाली घेतली. तिची पाने खुडली, उघडी पडलेली वेल वेटोळे करून चरात ठेवली आणि वर माती लोटली. वीतभर शेंडा तेवढा बाहेर राहिला. तो त्याने शेवरीला बांधला आणि पुढच्या वेलीकडे वळला.

"अप्पा!" वैद्य ओरडलाच. "जिवंत वेल पुरता? आणि तीही ऐन पालवीच्या तोंडावर?"

"हात चालव. ऊन चढतंय," अप्पा म्हणाला.

वैद्याने हात चालवले. विहिरीजवळ आल्यावर मात्र तो आपल्या वेलीपुढे आडवा उभा राहिला. "हिला नाही. हिला हात लावलात तर मी आजच निघून जाईन."

"बरं बाबा, राहू दे," म्हणत अप्पाने शिडी उचलली.

मळा उजाड झाला. मातीत हालचाल दिसेना. वैद्याची वेल तेवढी ताठ उभी होती आणि तिच्याकडे पाहून त्याला बरे वाटत होते. असेच दिवस गेले. होळी जवळ आली, ऊन तापू लागले, तसे एके सकाळी अप्पाने त्याला हाक मारली.

"ही माती जरा उकर. बोटांनी उकर, खुरपं नको."

वैद्य गुडघ्यांवर बसला. दोन बोटे माती बाजूला केली. ज्या ज्या पेरावरचे पान त्याने स्वतः खुडले होते, त्या प्रत्येक पेराला पांढरीशुभ्र मुळे फुटली होती. बारीक, ओली, मातीला घट्ट धरून बसलेली. एका मुळावर जगणारी वेल आता अनेक मुळांवर उभी होती. आणि बाहेर ठेवलेल्या शेंड्याला हाताएवढा नवा, तजेलदार फुटवा आला होता. अहो, आपण जिला पुरले तिने गुपचूप हे एवढे करून ठेवावे! त्याचे डोळे भरून आले. 

"आता तुझ्या वेलीचं पान आण," अप्पा म्हणाला.

त्याने शेंड्याचे पान तोडून आणले. अप्पाने ते आपल्या तळहातावर ठेवले. बोटभर, खुरटे, पिवळसर.

"तुझ्या सेवेत काही उणं नाही," अप्पा म्हणाला. "वेल फार उंच गेली की मुळापासून लांब पडते. मुळातलं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पान बारीक होतं. अशा वेलीला दरवर्षी मातीपाशी आणावं लागतं. याला आम्ही उतरण म्हणतो. ही शिक्षा नव्हे रे, तिचं पुढचं वर्ष आहे."

वैद्य खाली मान घालून बसला होता. "पण अप्पा, माझ्या हातून माणूस गेलं."

"गेलं. त्यावर माझ्यापाशी औषध नाही."

मग वैद्य जे कधीच बोलला नव्हता ते बोलला. "त्या दिवशी तिची सासू दारात उभी होती. काहीतरी सांगत होती. मी हातानेच गप्प केलं तिला. रोग्याला, घरच्यांना विचारणंच सोडलं होतं मी. मला वाटायचं, मला सगळं कळतं."

"मग ती काय सांगत होती?"

वैद्याने वर पाहिले. वर्षभर तो त्या मृत्यूचे ओझे वाहत होता, पण हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

तो उठला. शिडी आणली, आपल्या वेलीची बंधने एकेक करून सोडली आणि तिला खाली घेऊन स्वतःच्या हाताने मातीत ठेवले. मग हात धुतले, अप्पाच्या पाया पडला आणि वाटेला लागला.

कुंभारवाड्यात ती म्हातारी अंगणातच बसली होती. त्याला ओळखताच तिचा चेहरा दगडासारखा झाला. वैद्य तिच्यासमोर मातीत बसला.

"आजी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?"

"आत्ता विचारतोस?" तिचा आवाज फाटला. "माझ्या सुनेला दिवस गेले होते रे! तशा बाईला चालेल असंच औषध दे, एवढंच सांगायचं होतं मला. तेवढंसुद्धा तू बोलू दिलं नाहीस!"

ती बोलतच राहिली. शिव्याही दिल्या, रडली, सुनेच्या कितीतरी आठवणी सांगितल्या. त्याने मधे एक शब्द काढला नाही, नजरही चुकवली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते त्याने पुसले नाही.

अखेर म्हातारी थकली. मग तिने आपला सुरकुतलेला हात, नाडीची बाजू वर करून, त्याच्यापुढे धरला.

वैद्याने लगेच मनगटाला बोट लावले नाही. तो पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "आजी, काय होतंय ते आधी तुम्ही सांगा. मी ऐकतोय."