तड्यावरची काचपट्टी

फार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका गावात नगरपालिकेची जुनी इमारत होती. सरकारी कागदाने संरक्षण दिलं होतं ते फक्त तिच्या कोरीव दर्शनी भिंतीला.

एकदा भिंतीला बारीक तडा गेला. देखरेखीला आलेल्या ओदीलबाईंनी त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली.

"माझ्या तोंडावर हे काय ठिगळ!" भिंत फणकारली.

"तू जराशी हललीस तर मी तुटते," पट्टी म्हणाली. "एवढंच माझं काम."

आत सभागृह मोठं करायला गास्तों सुतार त्याच भिंतीत टेकलेली जुनी तुळई काढत होता. "हिचं नाव कागदात नाही," तो म्हणाला.

"मग जाऊ दे की म्हातारीला!" भिंतीने मान उडवली.

गास्तोंने तुळईची पाचर ढिली केली, आणि बाहेर पट्टी कडकन तुटली.

"अरे थांब! भिंत हलतेय!" ओदीलबाई ओरडल्या. गास्तोंने घाईघाईने पाचर परत ठोकली.

दुसऱ्या दिवशी नवी पट्टी लागली.

"तू नाही ना गं तुटणार?" भिंतीने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? आत विचार."

दोनशे वर्षांत पहिल्यांदाच भिंतीने आत हाक मारली, "तुळईबाई, बऱ्या आहात ना?"