कोरडी पाठ

त्या राज्यात तळ्याचे पाणी बगळ्याच्या गुडघ्याएवढे असे. त्याहून वर ते चढत नसे आणि चढू नये असाच कायदा होता. गुडघाभर पाण्यात बगळ्याला मासा दिसतो, कमरेएवढ्या पाण्यात दिसत नाही. कायद्यामागचे कारण एवढेच होते. सांगताना मात्र वेगळे सांगत. पूर्वजांच्या काळी महापुरात बांधातल्या मोरीचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचा, लाकडी दट्ट्या वाहून गेला, तेव्हापासून पाणी थांबवणे कोणाच्या हातात राहिले नाही, आणि हे दुःख थोरल्या बगळ्याला असे लागले की त्याने मोरीच्या तोंडाशी एका पायावर उभे राहण्याचे व्रत घेतले. बगळे बदलले, व्रत चालू राहिले. गादीवर येईल त्या बगळ्याला सगळे आदराने एकपाद म्हणत. त्याचा दुसरा पाय पोटाच्या पिसांत दुमडलेला असे. तो पाय कोणी पाहिलेला नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडी निवड होई. तिची रीत साधी होती. तळ्याच्या मावळतीच्या काठावर एक खुणेचा दगड रोवलेला होता. ज्यांना बगळ्यांचे राज्य नको असेल त्यांनी पाण्यात उतरावे. उतरलेल्या अंगांनी पाणी चढून दगडाला लागले, तर बगळ्यांनी मोरी सोडावी. नाही लागले, तर आणखी एक वर्ष गुडघाभर. बगळे ही रीत अगदी काटेकोर पाळत. आधीच पाणी इतके खाली ठेवल्यावर रीत पाळायला त्यांचे काय जात होते? निवड झाली की कावळे चारी दिशांना बातमी नेत की निवड शांततेत पार पडली. कावळ्यांना माशांची डोकी मिळत.

मावळतीच्या त्याच काठावर एक टिटवी राहत असे. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ऊन वाढले की पाण्यात जाऊन पोट भिजवून येते. ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, म्हणून अंडी जगतात. मागच्या उन्हाळ्यात पाणी इतके लांब गेले की परत येईपर्यंत तिचे पोट वाटेतच वाळू लागले. ती धावत गेली, धावत आली, पुन्हा गेली. चारही अंडी उकडली. तेव्हा ती जे ओरडली ते सगळ्या तळ्याने ऐकले आणि सगळ्यांनी आपापली पिले पोटाखाली घेतली, कारण टिटवीचे ओरडणे अशुभ असते.

या वर्षी तिने पुन्हा चार अंडी घातली. तिची आई जिथे घालत असे तिथेच, खुणेच्या दगडाला लागून. आणि तिने एक पक्ष काढला. सुरुवातीला पक्ष म्हणजे ती आणि त्या दगडाची सावली.

"आकाश कोसळू नये म्हणून पाय वर करून झोपणारी ती हीच ना?" बांधावरचे बगळे एकमेकांना म्हणाले. "आता तळं धरायला निघाली."

टिटवी दारोदार गेली. पुष्कळांनी तिला लांबूनच हात जोडले. एका पाणकोंबडीने तर तोंडावर सांगितले, "बाई, तू बोलू नकोस. तुझा आवाज आला की घरातलं कोणीतरी जातं."

"मी ओरडते म्हणून कोणी मरत नाही," टिटवी म्हणाली. "कोणी मारायला आलेलं असतं म्हणून मी ओरडते. तुम्ही माझ्याकडे बघता, त्याच्याकडे बघत नाही."

पाणकोंबडी आली नाही. पण हे वाक्य बेडकांनी उचलले, आणि बेडकांनी उचललेले वाक्य राज्यभर व्हायला वेळ लागत नाही. पहिले स्वयंसेवक तेच. उत्साही होते, भाषणे उत्तम करत, फक्त एखादी सावली पडली की सभा तिथेच संपे. मग खेकडा आला. तो येताना दिसला तेव्हा बेडकांना वाटले की तो निघून चालला आहे.

"मी तुमच्याकडेच येतोय," खेकडा म्हणाला. "दिसत नाही तसं, पण येतोय."

गोगलगाईंनीही येतो म्हणून कळवले आणि त्या खरोखर निघाल्या.

एका सकाळी टिटवीने जमले तेवढे सगळे पाण्यात उतरवून पाहिले. पाणी हलले, चढले नाही. दगड होता तिथेच कोरडा उभा होता.

खेकड्याने आपले डोळे वर काढून पाहिले. "ताई, आपण सगळे मिळून एका म्हशीच्या पायाएवढेही होत नाही."

"मग म्हशीकडे जाऊ या," टिटवी म्हणाली.

त्या राज्याचा बांध म्हशींच्या पायांवर उभा होता. बांधाला भेगा पडत, त्या बुजवायला चिखल लागे, आणि चिखल म्हशी तुडवत. सबंध दिवस तुडवत आणि मोबदल्यात बांधावरचे गवत खात. त्यांचा संघ होता, जुना आणि वजनदार. कपाळावर पांढरा चांद असलेली चांदरी नावाची थोराड म्हैस त्याची अध्यक्ष होती. संघाचा पहिला नियम होता, पाठ कोरडी ठेवायची. कारण प्रत्येक म्हशीच्या पाठीवर एक गायबगळा बसे. तो तिच्या अंगावरच्या गोचिड्या वेचून खाई, तिच्या वतीने बांधावर बोलणी करी आणि बांधावरचे बोलणे तिला येऊन सांगे. पाठ ओली झाली तर तो बसणार कुठे? म्हशी अभिमानाने सांगत, आमच्या घराण्यात कोणाची पाठ कधी भिजली नाही. चांदरीच्या पाठीवर बसणारा गायबगळा संघाचा चिटणीस होता.

टिटवी चिखलाच्या खाचरात गेली आणि चांदरीसमोर उभी राहिली. "मावशी, निवडीच्या दिवशी पाण्यात या."

उत्तर पाठीवरून आले. "संघाचं धोरण ठरलेलं आहे," चिटणीस म्हणाला आणि एक गोचीड गिळून पुढे म्हणाला, "संघ राजकारणात पडत नाही."

"मी मावशींना विचारलं."

"मीही त्यांच्याच वतीनं सांगितलं."

टिटवीने वर पाहिले नाही. "मावशी, तुम्ही शेवटच्या डुंबलात कधी?"

चांदरीचे चिखलातले पाय थांबले. "डुंबायचं म्हणजे? आजी काहीतरी सांगायची त्यातलं. मला नाही आठवत." थोडा वेळ ती रवंथ करत राहिली. "बघते," असे म्हणून ती पुन्हा तुडवू लागली. त्या राज्यात 'बघते' याचा अर्थ 'नाही' असा होता, आणि टिटवी तो ओळखून होती.

म्हणून तिने बेडकांची भाषणे बंद केली. बेडूक खाचराच्या कडेला बसून म्हशींभोवतीच्या माश्या टिपू लागले. खेकडे चिखलातून म्हशींच्या पोटाखाली जाऊ लागले आणि जिथे गायबगळ्यांची चोच पोचत नसे, किंवा पोचवायची कोणाला गरज वाटत नसे, तिथल्या गोचिड्या नांगीने ओढून काढू लागले. पक्षाचे नाव कोणी काढले नाही. काम करताना पक्ष आपोआप कळतो.

एके दिवशी खेकडा चांदरीच्या पुढच्या पायावरून वर चढला आणि खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेला. चिटणीस तेव्हा बांधावर बोलणी करायला गेला होता. खेकडा खाली आला तो डोळे आत ओढून.

"काय रे?" चांदरीने विचारले.

"मावशी, पाठीवर बारक्या गोचिड्यांचं शेत आहे."

"चिटणीस वेचतात की."

"मोठ्या तेवढ्या वेचतात. बारक्या सोडतात. तुमचं रक्त पिऊन त्या टरारल्या की मग खातात."

चांदरीने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. शिंगे आडवी आली. "पाठीवरचं मला दिसत नाही."

"म्हणून तर तिथं बसतात."

त्या संध्याकाळी संघाची बैठक झाली आणि ती लांबली.

बांधावर ही गोष्ट पोचली तेव्हा एकपादाने टिटवीला बोलावणे पाठवले. तो डोळे मिटून उभा होता. आवाज मऊ होता.

"मुली, मागच्या वर्षीचं ऐकून फार वाईट वाटलं. बांधावर बाभळीखाली गार जागा आहे. यंदाची अंडी तिथं घाल म्हणालो असतो, पण घातलीस म्हणे. गायबगळे अलगद उचलून आणतील. फक्त त्या काठावर जाणं सोड."

टिटवीने बाभळीकडे पाहिले. खरोखर दाट सावली होती. तिच्या पोटाखालची पिसे सकाळपासून तीनदा वाळली होती. ती बराच वेळ त्या सावलीकडे पाहत राहिली.

"आणि काठावरच्या बाकीच्यांची अंडी?" तिने विचारले.

"एकेकीचं बघू."

"बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे," टिटवी म्हणाली आणि उन्हातून आपल्या दगडाकडे चालू लागली.

"पाणी वर आलं तर पहिली तुझीच अंडी भिजतील," मागून एकपाद म्हणाला.

"त्याचसाठी चाललंय."

निवडीचा दिवस कडक उन्हाचा निघाला. बांध बगळ्यांनी पांढरा झाला. टिटवी अंड्यांवरून उठू शकत नव्हती, तिने दगडापाशी बसूनच हाक दिली. बगळ्यांची सावली काठावर पडली. सावली पडली की बेडूक उडी मारतात. त्या दिवशीही त्यांनी उडी मारली, पण पाण्यात. खेकडे तिरपे तिरपे उतरले. बोलावूनही न आलेली पाणकोंबडी कडेकडेने येऊन तरंगू लागली. पाणी हलले, चढले नाही. बगळे हसले.

मग खाचराकडून धूळ उठली आणि म्हशी आल्या. त्यांच्या पाठींवर गायबगळे तसेच बसलेले होते. चिटणीसाने मान उंच करून बांधाकडे निवेदन केले, "संघानं ठरवलं आहे की पाण्यात उतरावं, मात्र पाठ कोरडी ठेवून. हा पाठिंबा प्रतीकात्मक समजण्यात यावा."

एकपादाने किंचित मान हलवली. ही बोलणी आधीच झालेली होती.

म्हशी उतरल्या. शेकडो पाय पाण्यात आले, पाणी चढू लागले, आणि टिटवी श्वास धरून बघत राहिली. दगडाच्या अलीकडे वीतभर येऊन पाणी थांबले. शेवटची म्हैस उतरली तरी ते थांबलेलेच राहिले.

चूक टिटवीची होती. म्हैस म्हणजे चार जाड पाय एवढाच तिचा हिशेब होता. टिटवी स्वतः जवळजवळ सगळी पायांचीच असते. पायांवर केवढे मोठे अंग असू शकते, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

"झालं?" एकपाद डोळे न उघडता म्हणाला. "मग वर या. गवत सुकतंय. उद्यापासून कोणाला किती घालायचं तेही ठरवायचं आहे."

काही म्हशींनी काठाकडे तोंडे वळवली. टिटवीच्या पोटाखाली अंडी तापत होती. तिने समोर पाहिले, चांदरीचे ते अवाढव्य काळे अंग उन्हात कोरडे ठणठणीत उभे होते, आणि तेव्हा तिला कळले. ती ओरडली. मागच्या उन्हाळ्यात ओरडली होती तशीच. यावेळी मात्र कोणी पिले पोटाखाली घेतली नाहीत. सगळ्यांनी तिच्याकडे न पाहता बांधाकडे पाहिले.

"मावशी, खाली बसा."

"बसायचं कसं गं?" चांदरीने विचारले. ते खरेच विचारणे होते.

"आधी पुढचे गुडघे," तिच्या पायाशी खेकडा म्हणाला. "थांबा, मी बाजूला होतो."

चांदरीने एक गुडघा वाकवला. पाठ कलली.

"अध्यक्षबाई," चिटणीस घाईने म्हणाला, "नियमाचं काय? मी भिजेन."

"उडा की," चांदरी म्हणाली. "पंख तुम्हाला दिलेत."

आणि ती बसली. आजीकडून ऐकलेले काहीतरी तिच्या अंगाला आठवले असावे, कारण बसून ती थांबली नाही. कुशीवर लोळली, पाठीवरून पाणी घेतले आणि नाकपुड्यांतून मोठ्याने फुरफुरली. तो आवाज ऐकून शेजारची बसली, मग तिच्यापलीकडची. गायबगळे एकेक करून पाठींवरून उठले आणि बसायला जागा न मिळून हवेतच घिरट्या घालू लागले. पाणी वीत ओलांडून आले, दगडाला लागले, दगडाला वळसा घालून टिटवीच्या पोटाखाली शिरले. अंड्यांची खालची बाजू ओली झाली. टिटवी तशीच, न हलता, त्यांच्यावर बसून राहिली. गोगलगाई अजून वाटेत होत्या.

"मोरी तुमची," एकपाद म्हणाला. आता त्याचे डोळे उघडे होते. "पण म्हशी उठल्या की पाणी खाली जाणार. थांबवाल कशानं? दट्ट्या तर महापुरात गेला."

मागच्या म्हशी अजून बसतच होत्या. पाणी एकपादाच्या मांडीला लागले, मग पोटाला. मोरीची ओढ वाढली. त्याचा एक पाय थरथरला. त्याने पंख पसरून तोल सावरला, पुन्हा गेला, पुन्हा सावरला. गुडघाभर पाण्यासाठी केलेले व्रत होते ते. शेवटी त्याला दुसरा पाय खाली टेकावा लागला.

पिसांतून काहीतरी निसटले, बुडाले आणि वर आले. म्हशींच्या लाटांवर हेलकावत ते खेकड्याच्या नांगीजवळ येऊन थांबले. मोरीच्या मापाचे लाकूड होते. त्यावर नख्यांचे खळगे पडलेले होते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी धरून धरून गुळगुळीत झालेले.

चांदरीने मान वर करून बांधाकडे पाहिले. मग बेडकांनी पाहिले, मग सगळ्यांनी. बांधभर बगळे एका पायावर उभे होते, आणि प्रत्येकाने आपला दुमडलेला पाय पोटाशी आणखी घट्ट धरला.